शनिवारचा रिपोर्ट

एलियासकाकांनी मोबाइल हातभर लांब धरला, एक डोळा मिटला आणि ऑफिसच्या कोपऱ्यातल्या पाण्याच्या जारचा फोटो काढला. समजा हा साइटवरचा कॉलम आहे, असं ऋतुजानं त्यांना सांगितलं होतं. ती ठाण्याहून सॉफ्टवेअर दाखवायला आली होती. फोटो निघाल्याबरोबर समोरच्या पडद्यावर 'रोहा' या काकांच्या साइटच्या नावापुढचा लाल चौकोन हिरवा झाला, आणि त्याखाली वेळ नि जागा आपोआप उमटली.

"कॉलम पास," काका म्हणाले. "पाणी पण मारायला नको."

नमिता हसली. हितेश हसला नाही. पेणला रामवाडीत वडिलांनी थाटलेलं हे बांधकामाचं ऑफिस आता तो चालवत होता, आणि रोह्याला कुंडलिकेच्या काठी मंगल कार्यालय बांधून घेणाऱ्या मालकाला मुंबईत बसून रोजचं काम रोज बघायचं होतं. मालकाचं म्हणणं चुकीचंही नव्हतं. आतापर्यंत नमिता एस्टिमेट करायची आणि साइटची खबर यायची ती फोनवर. संध्याकाळी काकांसारख्या सुपरवायझरनं सांगायचं, तिनं टिपून घ्यायचं. या पद्धतीत पूर्वी कुणाचं अडत नव्हतं, पण आता जग पुढं गेलं होतं आणि पेण काही जगाबाहेर नाही.

निघताना ऋतुजानं काकांना बजावलं, काही अडलं तर खुशाल फोन करा, फक्त शनिवार-रविवार आमचं ऑफिस बंद असतं.

"तुमचा पण शनिवार?" काकांनी कौतुकानं विचारलं.

त्यांचा शनिवार वेगळा होता. त्यांच्या आजोबांचा रोह्याजवळच्या गावात तेलाचा घाणा होता, तो शनिवारी बंद असायचा, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. घाणा केव्हाच गेला. आळीतली बाकीची इस्रायली, म्हणजे ज्यू, घरंही एकेक करून इस्रायलला गेली. काकांचा मुलगा जोशुआ गेला, त्याच्या मागोमाग मुलगी शीरा गेली. मागं राहिले ते काका, फ्लोराकाकी आणि त्यांचा शनिवार. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत काकी दिवा लावत, काका मोबाइल कपाटात ठेवून देत, आणि मग दुसऱ्या दिवशी आभाळात तीन चांदण्या दिसेपर्यंत घरात चूल नाही, काम नाही, फोन नाही.

हितेशच्या वडिलांनी त्यावर सोपी तोड काढली होती. शनिवारी साइट कान्हू मुकादमानं सांभाळायची. त्या बदल्यात रविवारी सगळे झोपा काढत असताना काका एकटे साइटवर जायचे, स्लॅबला पाणी मारायचे, सळया मोजायचे. शनिवारची खबर ते चांदण्या दिसल्यावर कान्हूकडून घेत आणि नमिताला फोन करत. त्या दिवशी ते हॅलो म्हणत नसत. "दिसल्या गो तीन," अशी सुरुवात व्हायची, मग खडी, वाळू, सिमेंट. नमिताला सवयच लागली होती. शनिवारी ती हमरापूरला घरी पोचली, की अंगणात उभी राहून आभाळाकडे बघायची. कधी तिला आधी दिसायच्या, कधी काकांना. ना जातीच्या ना पातीच्या, पण त्या चांदण्या तिच्याही झाल्या होत्या.

सॉफ्टवेअरला मात्र चांदण्यांचं काही देणंघेणं नव्हतं. रिपोर्ट साइटवर उभं राहूनच भरायचा, ज्याच्या नावावर साइट आहे त्यानंच भरायचा, आणि नाही भरला तर चौकोन लाल.

"दर आठवड्याला लाल दिसणार," काका रोह्याच्या एसटीला गेल्यावर हितेश म्हणाला. "मी काकांना काढत नाही, नमिता. पण मालक काढायला लावेल."

काम सुटलं तर काय होणार हे दोघांनाही माहीत होतं. जोशुआ दर आठवड्याला तिकडून बोलवत होता, आणि काम आहे एवढी एकच सबब काकांकडे होती. त्यांना जायचं नव्हतं. नदीकाठची गार हवा, कान्हूशी भांडण, प्रार्थनालयाची त्यांच्याकडे असलेली किल्ली, यातलं काही विमानात नेता येण्यासारखं नव्हतं.

नमितानं मग दोन सॉफ्टवेअर समोर ठेवून नीट पाहिली. दुसऱ्या एका कंपनीचं एस्टिमेटला फारच गुणी. सरकारी दर आधीच भरलेले, सळईचा भाव बदलला की सगळं एस्टिमेट क्षणात बदलणार. तिचं निम्मं काम ते करणार होतं. पण त्यात साप्ताहिक सुट्टी एकच, सगळ्या कंपनीला मिळून. ऋतुजाचं सॉफ्टवेअर त्यामानानं ठोंब्या. एकेक दर हातानं भरा, बदलला की पुन्हा भरा. मात्र त्यात प्रत्येक साइटला वेगळी सुट्टी बहुतेक देता येईल, असं ऋतुजा म्हणाली होती. पण नक्की नाही, वरच्यांना विचारून सांगते, असंही.

नमितानं ठोंब्या सॉफ्टवेअर निवडलं. हितेशनं तिच्याकडे पाहिलं, कपाळाला हात लावला आणि म्हणाला, दर तुलाच भरायचेत, तुला जमत असेल तर घे. गुरुवारी त्यानं सगळ्या सुपरवायझरांना फोन करून सांगितलं, या शनिवारपासून चालू. काकांना नमितानं मागाहून वेगळा फोन केला. तुमच्या शनिवारचं बघते काहीतरी, म्हणाली. पक्कं झाल्याशिवाय शब्द द्यायचा नाही, एवढी ती शहाणी होती. तिचा तो शहाणपणाच नडला.

"तू कशाला जीव टाकतेस गो," काका म्हणाले होते. "माझं मी बघतो."

शुक्रवारी ऋतुजाचा निरोप आला तेव्हा ऑफिसच्या खिडकीतून वडखळच्या बाजूचं आभाळ तांबडं होऊन विझत आलं होतं. रोह्याच्या साइटला शनिवारची सुट्टी लावून दिली आहे, रविवार कामाचा. नमितानं आनंदानं फोन उचलला, काकांचं नाव काढलं आणि थांबली. दिवस मावळला होता. फ्लोराकाकींचा दिवा लागला असेल, मोबाइल कपाटात गेला असेल. कान्हूला निरोप देऊन घरी धाडता आलं असतं, पण त्यांच्या शब्बाथच्या दारावर ऑफिसची थाप कशाला? काका शनिवारी साइटवर जातील हे तिच्या स्वप्नातही आलं नाही. उद्या चांदण्या दिसल्या की त्यांचा फोन येईलच, तेव्हा आपल्या तोंडानं सांगू. ती गोड बातमी पदराला बांधून घरी गेली.

शनिवारी सकाळी ती खडीचे दर भरायला बसली. मधेच सहज रोह्याचं पान उघडलं. चौकोन हिरवा होता.

तिला वाटलं, काहीतरी चुकलंय. तिनं फोटो उघडला. नुकत्याच सेंटरिंगच्या फळ्या सोडवलेला कॉलम, ओलं गोणपाट, आणि कॉलमवर पडलेली फोटो काढणाऱ्याची सावली. डोक्यावर काकांची टोपी.

तिनं काकांचा नंबर लावला. उचलू नका, असं ती मनातल्या मनात म्हणत राहिली. इतक्या वर्षांत शनिवारी दिवसाउजेडी तो फोन कुणी उचलला नव्हता.

दुसऱ्याच रिंगला उचलला गेला.

"रिपोर्ट पोचला ना गो?"

"पोचला, काका." "तुम्ही साइटवर?"

मग कुठं असणार, काका म्हणाले. मालकाला हिरवा पायजे ना, तर हिरवा करून टाकला. फ्लोराकाकी सकाळी दारापर्यंत आल्या. शनिवारी चूल पेटत नाही म्हणून आदल्या दिवशीच करून ठेवलेलं जेवण होतं घरात, पण त्याचा डबा काही त्यांनी भरून दिला नाही. कान्हूनं आपल्यातली अर्धी भाकरी दिली. तो सकाळपासून भांडलेलाही नाही. हे सगळं काकांनी कॉलमची मापं सांगावी तसं सांगितलं.

नमितानं डोळे पुसले.

"काका, पुढच्या शनिवारपासून यायचं नाही. रोह्याला शनिवारची सुट्टी. आत्ताच ठरलं."

पलीकडे मिक्सर गरगरत होता. तो थांबला.

"आत्ता?"

"हो. आत्ताच त्यांचा फोन आला."

"त्या ठाण्याच्या पोरीचा?" काकांनी विचारलं. "शनिवारी त्यांचं हापिस बंद असतं ना गो?"

टेबलावर खडीच्या दरांचा कागद होता, तो नमितानं उगाचच सरळ केला.

"काल ठरलं व्हय?"

"काल. दिवस मावळल्यावर."

पलीकडे कुणीतरी काकांना हाक मारली, त्यांनी ओ दिली नाही.

"मग तू तरी फोन कसा करणार," ते म्हणाले.

त्यांनी तिला एका शब्दानं बोल लावला असता तर बरं झालं असतं. आता आलोच हाय तर संध्याकाळपर्यंत थांबतो, म्हणाले, आणि फोन ठेवला. नमिता त्या दिवशी एकही दर भरू शकली नाही. हितेशनं येऊन रोह्याचा हिरवा चौकोन पाहिला, तिचा चेहरा पाहिला, आणि आपल्या खोलीत गेला.

संध्याकाळी ती हमरापूरला पोचली तेव्हा अंगणात न रंगवलेले गणपती ओळीनं वाळत होते. आई आतून चहाला हाका मारत होती. आभाळ स्वच्छ होतं. पहिली चांदणी माडाच्या शेंड्यावर आली, दुसरीला जरा वेळ लागला. नमिता मोबाइल हातात धरून उभी राहिली.

तिसरी दिसली. मग पुष्कळ दिसल्या. फोन वाजला नाही. वाजायचं काही कारणही नव्हतं, शनिवारचा रिपोर्ट सकाळीच येऊन गेला होता.