फळीवरचा खळगा

स्वयंपाकघर नवं करायचं ठरलं तेव्हा ग्रंथपालांनी एकच अट घातली, की घराचा जुनेपणा जपायचा. जन्मभर दुसऱ्यांची जुनी पुस्तकं जपलेला माणूस. निवृत्त झाल्यावर जपायला स्वयंपाकघर तेवढं उरलं होतं. एरवी ते तिथे फक्त चहा झाला का हे विचारायला डोकावत, ही गोष्ट वेगळी.

बायकोचं मागणं एवढंसंच होतं. ओटा वीतभर उंच हवा. तो बांधला ग्रंथपालांच्या आईच्या मापाने, आणि आई होत्या ठेंगण्या. सून आली ताडमाड. लग्नापासून ती त्या ओट्यापुढे वाकत आली, आणि आता कंबरेनेच हात टेकले होते. हे वाकणं थांबवा, नाहीतर अंथरूण धराल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

ग्रंथपाल मात्र ओट्याच्या जाड लाकडी फळीवर हात ठेवून उभे राहत. फळीच्या मधोमध एक उथळ, गुळगुळीत खळगा पडला होता. आई इथेच कणीक मळायची, तिच्या हातांनी लाकूड झिजलंय, असं ते गवंड्याला सांगत आणि दर वेळी ‘झिजलंय’ला खळग्यातून बोट फिरवत. फळी उचलून वर बसवतो, असं गवंडी म्हणाला, तर तेही त्यांना चालेना. उंची बदलली की आईची जागा गेली. गवंड्याने कपाटं काढली, भिंती खरवडल्या, जुन्या खिडकीला तेलपाणी केलं. पण ओट्यापाशी आला की तो चहा मागे.

बायको भांडली नाही. पालथ्या घड्यावर पाणी ओतण्याचा तिला कंटाळा आला होता. तिने नणंदेला बोलावलं. अक्का म्हणजे ग्रंथपालांची थोरली बहीण. त्यांना तोंडावर बोलणारी एवढी एकच.

अक्कांनी खळग्याची कथा पूर्ण ऐकून घेतली आणि चष्मा पुसला.

“आई टेबलावर मळायची रे. शेगडीची धग तिला सोसायची नाही. ती गेल्यावर ते टेबल तूच विकलंस, तुझ्या पुस्तकांना जागा हवी म्हणून.”

“मग हा खळगा?”

अक्कांनी भावजयीकडे पाहिलं. ती कंबरेवर हात ठेवून नळापाशी उभी होती. ग्रंथपालांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. जन्मभर जिच्या हातचं खाल्लं, तिचे हात त्यांनी कधी पाहिलेच नव्हते.

तरी खोड जाते थोडीच? मग तर फळी मुळीच हलवायची नाही, त्यांनी जाहीर केलं, आता ही हिची आठवण.

“अहो, मी अजून आहे,” बायको म्हणाली. “आठवण मागाहून जपा. आधी कंबर जपा.”

ग्रंथपालांनी मुकाट्याने टेप उचलला. बायकोला ताठ उभी करून कोपराखालचं माप स्वतः घेतलं, आणि आकडा नीट दिसेना म्हणून पुन्हा घेतलं.

तिचा ओटा वर चढला. जुनी फळी तिने खिडकीखाली बसवायला सांगितली, होती त्याच उंचीवर. इतकी खाली कुणासाठी, असं गवंड्याने विचारलं. तिने नवऱ्याला आपादमस्तक न्याहाळलं. ग्रंथपाल उंचीने थेट आईवर गेले होते.

“यांच्या मापाची आहे,” ती म्हणाली.

आता रोज संध्याकाळी ग्रंथपाल त्या खळग्यात कणीक मळतात. कधी ती सैल होते, कधी दगड. बायको आपल्या ओट्यापाशी ताठ उभी असते.

“अजून मळा,” ती मागे न बघता म्हणते. “जुनेपणा असा लगेच येत नाही.”