वर्नाचं मत

मतदारसंघांच्या सीमा पुढाऱ्यांनी नव्हे, निःपक्ष आयोगानं आखायच्या, हा कायदा राज्यात आला तो वर्ना ऑस्टरगार्डमुळे. त्यासाठी तिनं आणि शेजारच्या रोझलिननं बर्फात दारोदार फिरून सह्या गोळा केल्या होत्या, कुत्री अंगावर घेतली होती. त्याच पुण्याईवर वर्ना पुढे राज्याच्या सिनेटमध्ये निवडून आली.

आता तिचाच पक्ष तो कायदा मोडायला निघाला होता. शेजारच्या राज्यात विरोधकांनी दहा वर्षांच्या फेरआखणीची मुदत येण्याआधीच सीमा आपल्या सोयीनं फिरवून संसदेच्या पाच जागा खिशात घातल्या होत्या. इथेही तसंच करायचं, तर सगळं वर्नाच्या एका मतावर अडलं होतं.

गटनेता पिकेट तिच्या कचेरीत ठाण मांडून बसला.

"अगं, ते सोटे घेऊन आलेत आणि तू त्यांना नियम वाचून दाखवतेस!"

"मग आपणही सोटे घ्यायचे? फरक काय राहिला?"

"फरक हा, की ते राज्य करतील आणि तू स्वच्छ हात घेऊन घरी बसशील. त्या हातांनी कुणाचं औषध स्वस्त होणार आहे? यंदापुरतं कर."

दुसऱ्या दिवशी सभागृहात तिनं कायदा मोडण्याच्या बाजूनं मत दिलं. प्रेक्षक-सज्जातून रोझलिन उठून गेली.

संध्याकाळी वर्ना तिच्या दारात उभी राहिली.

"सुरुवात त्यांनी केली, रोझ."

"माझा नातूही हेच म्हणतो. सहा वर्षांचा आहे तो. कुठलाच पक्ष या सीमांना हात लावणार नाही, असं मी लोकांना तुझ्या भरवशावर सांगितलं होतं गं!"

दार लागलं.

महिन्याभरात आणखी एका राज्यात विरोधकांनी सीमा बदलल्या. कारण विचारल्यावर त्यांनी वर्नाच्या राज्याकडे बोट दाखवलं. पिकेटचा फोन आला: "बघितलंस? बरं झालं आपण आधीच केलं. आता पुढच्या वर्षी अजून दोन जागा..."

"यंदापुरतं म्हणाला होतास!"

तो नुसता हसला.

तिनं आयोग परत आणण्याचं विधेयक लिहिलं आणि सोबत सही करणारा शोधत फिरली. स्वपक्षाचे म्हणाले, निवडणुकीनंतर बघू. विरोधी बाकावरच्या म्हाताऱ्या कॉब्लेंझनं कागद वाचून नकारार्थी मान हलवली.

"आता आयोग आठवला का, बाई?"

कागद तसाच त्याच्यापुढे धरून वर्ना म्हणाली, "टोमणे नंतर मारा. सही करता का?"

त्यानं चष्मा काढला, घडी घालून खिशात ठेवला आणि सही न करताच जेवायला निघून गेला.