कोणाचं डावं?

वहिनीने तिचं नाव बेडूकबाई ठेवलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यात वावगं काय होतं? सहा वर्षं ही बाई प्रयोगशाळेत बेडकापुढे बसून तारेला लावलेली अळी हलवत होती. लग्न लांबलं, डॉक्टरेट लांबली, आणि सरांचं आपलं एकच पालुपद, "घाई कसली?"

बेडकाचं असं असतं, की उजवीकडे दिसलेलं मेंदूच्या डाव्या भागात जातं आणि तिथून झडप घालायचा हुकूम सुटतो. तो डावा भाग काढला, की उजवीकडची अळी त्याच्या लेखी नाहीच. वाटेतली जाळी मात्र तो बरोब्बर चुकवतो, त्या कामाचा मेंदूतला रस्ता निराळा. हे सगळं पुस्तकात आहे. पण सरांनी डावा भाग काढलेले बेडूक डावीकडचीच अळी सोडत होते! सर हवेतच गेले. लेख तयार झाला, आणि तिची पदवी त्या लेखावर लटकली.

मग एका सकाळी तिच्या बाजूचा दिवा गेला, म्हणून तिने खुर्ची उचलून बेडकाच्या पाठीमागे मांडली. अळी हलवली, तर बेडकाने चक्क उजवीकडची सोडली! रोज ती बेडकाच्या समोर बसून ओरडायची, "डावीकडची सोडली!" सर पडद्यावरची नजर न काढता तेच संगणकात टाकायचे. डावं तिचं होतं, बेडकाचं नव्हतं. आणि कोणाचं डावं, हे इतक्या वर्षांत दोघांपैकी एकानेही विचारलं नाही. काय म्हणावं या हुशार माणसांना!

ती तडक सरांच्या खोलीत गेली. "सर, सगळं उलटं झालंय. आपल्याला नवीन काहीच सापडलेलं नाही."

सगळं ऐकून सरांनी उठून दार लावलं. "कुणाला बोललीस?"

"नाही."

"मग बोलू नकोस. लेख आहे तसाच छापायला जाऊ दे."

"पण सर, उद्या कुणी करून बघितलं तर?"

सर गोड हसले. "अगं, सगळी मेहनत तुझी. त्यावर माझं नाव कशाला? तुझ्या एकटीचंच टाकू."

तिला सगळं कळलं. असा संताप आला की टेबलावरचा पेला त्यांच्या तोंडावर रिकामा करावा. पण लेख गेला नाही तर पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा याच माणसापुढे हात जोडायचे. ती "बरं" म्हणाली.

दुपारी तिने आईला फोन केला. लेखावर एकटीचं नाव येणार, हे ऐकून आईला रडूच फुटलं.

"देवमाणूस आहेत हो तुझे सर," आई म्हणाली. "पाया पडलीस ना त्यांच्या?"

"हो," ती म्हणाली.