सेर्वा साउंडचा बंद पडलेला शनिवार

कुमासी शहराच्या टाफो भागात शनिवार उजाडला म्हणजे कोणा ना कोणाच्या अंत्यविधीचा मंडप उभा राहावयाचा, आणि त्या मंडपाच्या चारही कोपऱ्यांत याव ड्वोमो यांचे ध्वनिक्षेपक लागावयाचे, हा गेल्या अठरा वर्षांचा शिरस्ता होता. त्या पुरुषभर उंचीच्या काळ्या पेट्यांवर पिवळ्या रंगाने ‘सेर्वा साउंड’ अशी अक्षरे रंगविलेली होती. सेर्वा ही ड्वोमोंची भाची. ती जन्मली त्याच आठवड्यात त्यांनी पहिली पेटी विकत घेतली होती. त्यांच्यात कूळ आईकडून चालते, म्हणून बहिणीची लेक म्हणजे आपल्या कुळाची पुढची वारस. तेव्हा धंद्यास दुसरे कोणतेही नाव देण्याचा विचार त्यांच्या मनास शिवलासुद्धा नाही.

ड्वोमो फारसे शिकलेले नव्हते. तथापि त्यांना एका गोष्टीचा रास्त अभिमान होता. त्यांचे यंत्र कधी बंद पडत नसे. वीज गेली तर जनरेटर, आणि जनरेटर रुसला तर दुसरा जनरेटर. अठरा वर्षांत एकाही मृतास त्यांनी मुक्याने मातीत जाऊ दिले नव्हते.

सेर्वा आता परदेशी विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करीत होती. ह्या परीक्षेत पुरेसे गुण मिळाले तर अमेरिकेतील एका विद्यापीठाची संपूर्ण शिष्यवृत्ती तिला मिळण्याजोगी होती. जून महिन्यात ती एकदा बसली होती, परंतु गुण अगदीच कमी आले. “डोकं दुखत होतं, मामा,” एवढेच ती म्हणाली. आता नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी दुसरी खेप होती. डिसेंबरात अर्जांची मुदत संपत असल्यामुळे तिसरी खेप नव्हती.

त्या जूनपासून सेर्वाने अभ्यासाची जागा बदलली. घरातली खोली सोडून ती मामांच्या पत्र्याच्या शेडमध्ये, पेट्यांच्या मधोमध, प्लास्टिकची खुर्ची टाकून बसू लागली. कारण विचारले तर म्हणे, “इथं पंखा आहे.” रोज संध्याकाळी ड्वोमो यंत्रांची तपासणी करीत. माइक हातात घेऊन ते म्हणत, “हॅलो, हॅलो. एक. दोन. तीन.” मग एखादे प्रार्थनागीत मोठ्याने लावीत. तिला त्रास होऊ नये म्हणून त्यांनी आवाज कमी केला की ती वहीतून मान वर न करता ओरडे,

“वाढवा ना मामा! डाव्या पेटीचा बास कुठं गेला?”

“अगं, तू अभ्यास करतेस की माझी परीक्षा घेतेस?”

“दोन्ही. सांगा, ‘अविचल’ म्हणजे काय?”

“म्हणजे तुझी आई, बाजारात भाव करताना.”

सेर्वा हसे, शब्दाचे पुठ्ठ्याचे कार्ड उलटे ठेवी, आणि घड्याळ लावून पुन्हा प्रश्नांवर वाके. पोर केवळ आपले मन राखण्यासाठी तसे म्हणते, असे ड्वोमोंना वाटे, आणि त्यांचे अंतःकरण भरून येई.

परीक्षेस दोन आठवडे उरले असता अडोमाको गुरुजी शेडवर आले. ते चर्चच्या मागील खोलीत मुलांची ह्या परीक्षेची शिकवणी घेत असत. बोलता बोलता त्यांनी विचारले, “ड्वोमो, त्या शनिवारी तुमच्या पेट्या कुठं आहेत हो?”

“मैदानावर. नाना न्तिम यांची थोरली बहीण गेली ना, फोस्वाआजी. मोठं काम आहे. का?”

गुरुजींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “म्हणजे पोरीनं तुम्हाला सांगितलंच नाही.”

“काय सांगितलं नाही?”

“जूनमध्ये परीक्षा त्या मैदानालगतच्याच शाळेत होती. तुम्ही त्या दिवशी ओबुआसीला दुसरं काम घेऊन गेला होतात. मैदानावर तुमचा माणूस होता, आणि त्यानं सकाळी आठपासून जे एकच गाणं लावलं ते लावलं. बिचारी एक ओळ वाचायची, आणि दुसरीवर गेली की पहिली विसरायची. चौदा प्रश्न मोकळे राहिले तिचे. खिडकीतून पेटी दिसत होती म्हणे. पेटीवर तिचंच नाव.”

ड्वोमोंच्या हातातील वायर खाली पडली.

“मला बजावून सांगितलं होतं तिनं,” गुरुजी ओशाळून म्हणाले, “की मामांना कळू द्यायचं नाही, त्यांना जेवण जाणार नाही. आणि या खेपेलाही तीच शाळा आहे, ड्वोमो. तीच खोली असेल कदाचित.”

भाचीचे भाकीत खरे ठरले. त्या संध्याकाळी ड्वोमोंनी ताटातील फुफूला, कुटलेल्या कंदांच्या त्या गोळ्याला, बोटसुद्धा लावले नाही. त्यांची बहीण, सेर्वाची आई पोकुआ, कडाडली, “कुटून कुटून माझे खांदे गेले, आणि हा देवासारखा नुसता बघत बसलाय! आजारी आहेस की प्रेमात पडलायस, या वयात?”

दुसऱ्या दिवशी ड्वोमो रीतीप्रमाणे मद्याची बाटली घेऊन नाना न्तिम यांच्या अंगणात गेले. नाना हे फोस्वाआजीच्या कुळाचे प्रमुख. ऐंशी वर्षांचे, काटक, आणि शब्दाचे अतिशय कडक. ड्वोमोंनी पायांतील चपला काढून आपली विनंती मांडली. मंडप असू द्यावा, खुर्च्या असू द्याव्यात, परंतु दुपारी बारापर्यंत ध्वनिक्षेपक लावू नयेत.

“बारापर्यंत आवाज नको?” नाना म्हणाले. “याव, माझी बहीण गेली आहे, मांजर नाही.”

“नाना, पोरीची परीक्षा आहे. तिथंच, भिंतीपलीकडे.”

“दर शनिवारी कोणाची ना कोणाची परीक्षा असते. लोक काय म्हणतील? नव्वद वर्षांच्या बाईला चोरासारखं पुरलं? हे बघ, तुला जमत नसेल तर सरळ सांग. किंग डेव्हिड साउंडवाला कालच विचारून गेलाय. त्याच्या पेट्या तुझ्यापेक्षा दुप्पट मोठ्या आहेत म्हणे.”

दुसऱ्याच्या दुप्पट मोठ्या पेट्या भिंतीला लागल्या तर काय होईल, ह्याचे चित्र ड्वोमोंच्या डोळ्यांपुढे उभे राहिले.

“नाही नाना. मीच येतो.”

बाटली मात्र नानांनी ठेवून घेतली.

त्या दिवसापासून ड्वोमोंनी शेडमधली तपासणी बंद केली. अपराधाच्या भावनेने ते पेट्या हातगाडीवर घालून पार नाल्यापलीकडे नेत आणि तेथे “हॅलो, हॅलो” करून परत आणीत. सेर्वा मात्र बेचैन दिसू लागली.

“मामा, आज यंत्र नाही लावणार?”

“नको गं. तू वाच शांतपणे.”

“थोडंसं लावा की. एकच गाणं.”

“बाई माझे, तू वाच म्हणतो ना!” असे म्हणून ते बाहेर निघून जात; कारण तिच्या ह्या मोठ्या मनापुढे उभे राहणे त्यांना अशक्य होई.

अखेर तो शनिवार उजाडला. पोकुआने लेकीला मक्याची आंबट पेज आणि चवळीचे गरम वडे, कोसे, खाऊ घातले, चार पेन्सिलींची टोके स्वतः तपासली, आणि शाळेच्या फाटकापर्यंत ती तिच्याबरोबर गेली. पलीकडच्या मैदानात काळ्या-पांढऱ्या वस्त्रांतील माणसे जमू लागली होती. आठ वाजता शाळेची घंटा झाली. त्याच क्षणी नानांच्या पुतण्याने हात वर करून खूण केली, आणि ड्वोमोंनी कळ दाबली.

काहीही वाजले नाही.

ड्वोमोंनी कपाळाला हात लावला, खिशातून पेचकस काढला, आणि यंत्राची मागची झाकणी उघडून ते खाली बसले. मुख्य वायर त्यांच्याच डाव्या मुठीत, सदऱ्याच्या आत होती.

नऊ वाजले. एकेक स्क्रू काढून ते तो रुमालावर ओळीने मांडीत, पुसत, आणि परत बसवीत होते. भोवती बघे जमले.

“ड्वोमो, काय झालं? तुमचं यंत्र तर मरत नाही म्हणतात!”

“एका मंडपात दोन अंत्यविधी! मामा, या यंत्राला पण रडायचं का आम्ही?”

“अरे, कोणी किंग डेव्हिडला फोन लावा रे!”

हे शेवटचे वाक्य मात्र ड्वोमोंच्या काळजात गेले. अठरा वर्षांची अब्रू त्यांच्या डोळ्यांदेखत रुमालावरच्या स्क्रूंसारखी सुटी सुटी होत होती. घाम कानामागून ओघळत होता. तरीही त्यांनी मान वर केली ती फक्त एकदा, शाळेच्या दुसऱ्या मजल्यावरील खिडक्यांकडे पाहण्यासाठी.

साडेनऊच्या सुमारास गर्दी दुभंगली आणि काठी टेकीत नाना न्तिम आले. त्यांनी उघड्या यंत्राकडे पाहिले. ड्वोमोंच्या सदऱ्यातून बाहेर डोकावणाऱ्या वायरच्या टोकाकडे पाहिले. मग त्यांनी हळूच भिंतीपलीकडच्या खिडक्यांकडे नजर टाकली. ड्वोमोंना वाटले, आता काठी पाठीवर बसणार. तशी ती बसली असती तरी त्यांनी सदऱ्यातला हात बाहेर काढला नसता.

“बिघाड मोठा आहे?” नानांनी विचारले.

“मोठा आहे, नाना.”

“किती वेळ?”

“बारा वाजतील.”

नानांनी दीर्घ श्वास घेतला. मग गर्दीकडे वळून ते खणखणीत आवाजात म्हणाले, “कोणी याला घाई करायची नाही! काम नीट झालं पाहिजे. आणि कोणालाही फोन करायचा नाही.” नंतर थोडे वाकून, केवळ ड्वोमोंना ऐकू जाईल असे, ते पुटपुटले, “फोस्वाला गेली वीस वर्षं ऐकूच येत नव्हतं. चार तासांनी तिचं काय बिघडतंय? पण तू मला फसवलंस, याव. आणखी एक बाटली लागेल.”

“दोन आणतो, नाना.”

त्या सकाळी मैदानावर एक अपूर्व गोष्ट घडली. गाणे नसल्यामुळे माणसांना एकमेकांचे बोलणे ऐकू येऊ लागले. म्हाताऱ्या बायका खुर्च्या जवळ ओढून फोस्वाआजीच्या आठवणी हलक्या आवाजात सांगू लागल्या; तिने एकदा शेळी समजून पोलिसाच्या बुटाला कसे पाणी पाजले, वगैरे. कित्येकांना हसू आवरेना, आणि हसता हसता रडूही आले.

बारा वाजून दहा मिनिटांनी शाळेची घंटा झाली. मुले फाटकातून बाहेर पडू लागली. सेर्वा सर्वांत शेवटी आली आणि रस्ता ओलांडून सरळ मंडपातच शिरली. ड्वोमो पेचकस हातात धरून उभे राहिले.

“उत्तरपत्रिकेतला एकही गोल मोकळा नाही, मामा,” ती म्हणाली. “सगळे झाले.”

सहा आठवड्यांनंतर जेव्हा गुण आले, तेव्हा ते शिष्यवृत्तीस पुरून उरण्याइतके निघाले आणि पोकुआने बाजारात अनोळखी माणसांनासुद्धा मिठ्या मारल्या. परंतु ड्वोमोंना विचाराल तर ते सांगतील, की त्यांचे काळीज जाग्यावर आले ते ह्या दुपारी, ह्या एका वाक्याने.

“आणि शांतता?” त्यांनी शेवटी धीर करून विचारले. “शांतता होती ना?”

सेर्वाने विचित्र चेहरा केला. “तेच तर! मामा, तुम्ही माझा घात करत होतात!”

“मी? घात?”

“मग काय! पाच महिने मी तुमच्या पेट्यांमध्ये बसून सवय केली. कितीही गोंगाट होऊ दे, वाचता आलं पाहिजे म्हणून. आणि आज बघते तर काय, सगळं चिडीचूप! पहिली दहा मिनिटं मला काही सुचेना. सारखं वाटायचं, आता गाणं सुरू होईल, आता होईल.”

ड्वोमोंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पंख्याचे रहस्य आत्ता त्यांना उमगले.

“मग? मग काय केलंस?”

“मग मनातल्या मनात तुम्हालाच चालू केलं. हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन. आणि लागले वाचायला.” तिने खाली पाहिले. रुमालावर चकचकीत पुसलेले स्क्रू ओळीने मांडलेले होते, आणि मामांच्या सदऱ्यातून वायरचे टोक लोंबत होते. “मामा, अहो, सगळ्यांसमोर? यंत्र बंद पडलं म्हणून सांगितलंत तुम्ही?”

“जुनं झालंय ते,” ड्वोमो म्हणाले.

पलीकडून नानांची काठी जमिनीवर आपटली. “काय रे याव, बारा कधीच वाजून गेले! बिघाड निघाला की नाही?”

“निघाला, नाना!”

त्यांनी वायर जागेवर बसविली, कळ दाबली, आणि माइक तोंडाशी धरला. “हॅलो, हॅलो,” असा आवाज साऱ्या टाफोभर घुमला. “एक. दोन.” तिसऱ्या आकड्याआधी त्यांची नजर सेर्वाकडे वळली, आणि ते तेथेच थांबले.

सेर्वाने त्यांच्या हातातून माइक काढून घेतला.

“तीन,” ती म्हणाली.