मुळापासूनचा पत्ता

कोरियातल्या आन्दोंगला आमच्या कुळाच्या कार्यालयात वंशावळीची नवी आवृत्ती मी संगणकावर चढवत होते. पहिल्यांदाच लेकींची नावं येणार होती. आजवर लेकीच्या जागी जावयाचं नाव छापत. शुक्रवारपर्यंत काम झालं नाही तर जुनीच आवृत्ती छापायची, असं बैठकीत ठरलेलं.

अध्यक्ष प्योंग-हो आजोबा या लेकींच्या विरुद्ध बोलले, हरले आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या कामात खोडी काढू लागले. आमच्या संगणकाच्या युनिक्स प्रणालीतली एकच गोष्ट त्यांना पटली होती: सगळं एका मुळापासून फुटतं. म्हणून टेपवर फाईलची प्रत जपताना तिचा पत्ता मुळापासून पूर्ण घालायचा, हा त्यांचा जुना दंडक. शनिवारी घाईत मी नुसता इथल्या इथला पत्ता घालून टेप केली, तर म्हणाले, "बेवारशी आहे का ती?"

सोमवारी त्यांनी माझ्या टेबलावर एक चिठ्ठी ठेवली. तिच्यावर एक नाव: त्यांची थोरली बहीण, एकोणिसाव्या वर्षी गेलेली. मी नाव चढवलं. चिठ्ठी ते परत घेऊन गेले.

मंगळवारी कुणाच्या तरी थडग्याच्या जागेवरून वाद निघाला, म्हणून त्यांना जुनी आवृत्ती बघायची होती. मी वेगळी डिरेक्टरी, म्हणजे फाईलींचा वेगळा कप्पा, केली, तिच्यात शिरले आणि वर्षापूर्वीची टेप उतरवली. डिरेक्टरी रिकामीच राहिली. पत्ता मुळापासूनचा, म्हणून प्रत्येक फाईल मला न विचारता आपल्या जुन्या घरी गेली आणि तिथल्या नव्या फाईलवर बसली. हे मला ठाऊक होतं. दंडक पाळता पाळता विसरले, दुसरं काय.

नऊ महिन्यांत चढवलेल्या चार हजार लेकी गेल्या, त्यांत मीही.

"आली का जुनी?" आजोबांनी जवाचा चहा पीत विचारलं.

"आली, आजोबा. नवीच्या जागी आली."

त्यांनी कप खाली ठेवला. मी कपाटातून शनिवारची बेवारशी टेप काढली. तिला नेऊ तिथे उतरायची सवय. 'नवी' नावाच्या डिरेक्टरीत निमूट उतरली. सगळ्या लेकी परत आल्या, सोमवारची एक सोडून.

"तुमच्या ताईंचं नाव परत सांगावं लागेल," मी म्हटलं.

साठेक वर्षांत ते नाव त्यांनी तोंडातून काढलं नव्हतं. आताही काढलं नाही. खुर्ची ओढली, मला सरक म्हणाले, आणि एका बोटाने एकेक अक्षर शोधत नाव स्वतः चढवलं. फार वेळ लागला. मला रडू आलं, ते त्यांनी न पाहिल्यासारखं केलं.

"आत्ताच टेप कर," म्हणाले. "पत्ता तुझ्या पद्धतीनं घाल."