खिडकीला लावलेला डोळा

ऐकताय ना? मी बोलतोय, स्वयंपाकघराच्या दाराशी असलेल्या खुंटीवरून. छत्री आणि बाजाराची पिशवी यांच्यामध्ये लोंबकळणारा हा काळा ठोकळा म्हणजे मीच, तोंडवलीच्या सर्वेशचा कॅमेरा. खुंटीवर आहे म्हणून मोडका समजू नका. माझं सगळं ठाकठीक आहे. बिघडलं ते दुसरंच, आणि ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

जन्म माझा परदेशातल्या कारखान्यातला, पण तिथलं काही आठवत नाही. आठवतो तो गोव्यातला पहिला मालक. लग्नांचे फोटो काढायचा. दोन्हीकडच्या मामा-मावश्यांना "जरा हसा" सांगून सांगून त्याचाच घसा बसायचा. पुढे त्याने नवा, बिनआरशाचा, हलका कॅमेरा घेतला आणि मी जुना म्हणून सर्वेशच्या हाती आलो. हल्ली काय, ज्याच्या त्याच्या खिशात मोबाईल, आम्हाला विचारतो कोण. असो, रडगाणं गात नाही.

सर्वेशने मात्र मला जीव लावला. समुद्रावरून आला की आधी माझ्या अंगावरचा खारा ओलावा पुसायचा, मग स्वतःचे पाय धुवायचा.

त्याचं घर सुरूच्या बनामागे, किनाऱ्याला लागून. वडील बोटीवर होते. ते वारल्यावर त्याने घराच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढून दिल्या. स्वयंपाक त्याच्या आईचा, जानकीकाकीचा. पाहुणे यायचे समुद्र बघायला आणि जाताना बोलायचे ते काकीच्या बांगड्याच्या तिखल्याबद्दल, त्या झणझणीत कालवणाबद्दल. तेव्हा सर्वेशने ठरवलं, आईच्या रांधपाचे व्हिडिओ काढून इंटरनेटवर टाकायचे, म्हणजे आणखी पाहुणे येतील.

इथे माझ्या अंगातली एक गोष्ट सांगायला हवी. माझ्या पाठीवर लहानशी खिडकी आहे आणि आत तिरका आरसा. भिंगातून आलेलं चित्र आरशावरून वर खिडकीत जातं, म्हणून तिला डोळा लावला की समोरचं जसंच्या तसं दिसतं. पण व्हिडिओ सुरू केला की आरसा उचलला जातो आणि खिडकीत मिट्ट काळोख होतो. मग मागच्या पडद्यावर बघायचं. तो काही बिघाड नव्हे, माझी घडणच तशी.

काकीचं स्वयंपाकघर अंधारं. सर्वेश माझी चाकं फिरवून उजेड वाढवायचा. मी मिळेल तेवढा उजेड आत ओढायचो आणि पडद्यावर चूल, तवा, काकीच्या बोटांवरचं पीठ, सगळं लख्ख उठायचं. तरी त्याचं समाधान होईना. एक पांढरा दिवा आणून त्याने तिच्या तोंडासमोर उभा केला.

"बंद कर रे तो दिवो. डोळ्यांत जाता," काकी म्हणायची.

"आये, कॅमेऱ्याक उजेड लागता. तू माझ्याकडे बघू नको, तव्याकडे बघ."

कॅमेऱ्याला लागतो! माझ्या नावावर खपवलेली ती पहिली गोष्ट. पुढे अशा पुष्कळ खपल्या.

मिठाचा डबा घेताना काकीचा हात फळीवर चाचपडत फिरायचा. कधी खोबऱ्याचं वाटप पातेल्याच्या बाहेर पडायचं. कधी भरलेल्या तांब्याला धक्का लागायचा. संध्याकाळी सर्वेश कॉम्प्युटरवर बसून नेमके तेवढे तुकडे कापायचा. "वय झाला आता आयेचा," असं पुटपुटायचा आणि कापायचा. उरायचं ते सुरेख, सलग, जेवण बघूनच पोट भरावं असं.

एकदा घावणे घालताना काकी तव्याकडे बघतच नव्हती. मान दाराकडे आणि हात तव्यावर. पीठ असं गोल पसरलं की कोणी वाटीने आखावं. तव्याचा चर्रर आवाज मंदावला की ती झाकण काढायची आणि घावणा उचलायची. सर्वेशला केवढा आनंद! त्याने व्हिडिओला नाव दिलं 'न बघता घावणे'. लोकांनी तो डोक्यावर घेतला. "काकींच्या हातालाच डोळे आहेत," असं कोणीतरी लिहिलं, आणि सर्वेशने ते आईला मोठ्याने वाचून दाखवलं. काकी हसली. हसत हसत वळली आणि दाराच्या चौकटीवर आदळली.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. दिवा सर्वेशचा, पण त्या अंधाराला उजेडाचा रंग मी दिला. मला अजून त्याची लाज वाटते.

एका सकाळी काकी म्हणाली, "माका बघूक दी रे. दिवसभर त्या भोकात डोळो घालून तू काय बघतंस?"

व्हिडिओ चालू होता. तिने पुढे येऊन खिडकीला डोळा लावला.

"हय काळोख आसा रे."

सर्वेश हसला. "व्हिडिओ चालू आसा गो. तेव्हा खिडकी बंदच आसता." त्याने व्हिडिओ थांबवला, माझा आरसा खाली आला. "आता बघ. उजवो डोळो लाव." आणि लहान मुलाचा झाकावा तसा त्याने स्वतःच्या तळव्याने तिचा डावा डोळा झाकला. "दिसता?"

"नीट नाय दिसणा."

"मगे ह्या बाजूचा बारीक चाक फिरव. चष्म्याच्या नंबरासारखा आसा ता. साफ दिसासर फिरव."

काकीचं बोट चाकावर आलं. हळूहळू फिरवत गेली. चाक पार टोकाला जाऊन अडलं, तरी ती बोटाने रेटतच होती. तिच्या पापण्या माझ्या खिडकीला लागत होत्या. समोर परसातला शेवगा होता, शेंगांनी लगडलेला. मी तो तिच्या डोळ्यापर्यंत पोचवला. त्यापुढे मात्र तो गेलाच नाही.

"दिसला?" सर्वेशने विचारलं. किती हौस होती त्या आवाजात.

"दिसता रे," काकी म्हणाली. "साफ दिसता."

मी तिथेच तिच्या हातात होतो. दाखवणं माझं काम, बोलणं नव्हे, अशी मी माझी समजूत घालतो. ती काही पटत नाही.

दुसऱ्या दिवशी एका पाहुण्या कुटुंबाचे फोटो काढायला सर्वेश मला किनाऱ्यावर घेऊन गेला. खिडकीला डोळा लावला आणि दचकला. समुद्र पुसट, माणसं पुसट. त्याने भिंग पुसलं. एक फोटो काढून पडद्यावर बघितला, तो स्वच्छ. खिडकीत पुन्हा पुसट. "कॅमेरो गेलो वाटता," असं म्हणून त्याने पाहुण्यांना जरा थांबायला सांगितलं आणि घरी फोन लावला.

"आये, कॅमेऱ्याक हात लावलंस?"

"नाय रे बाबा. काल तूच दाखवलंस, तेवढोच."

फोन ठेवता ठेवता त्याचं बोट त्या बारीक चाकावर गेलं. चाक टोकाला होतं. ते फिरवल्याने फोटोत काडीचाही फरक पडत नाही, ते फक्त बघणाऱ्याच्या डोळ्यापुरतं. त्याने ते जागेवर आणलं, समुद्र लख्ख झाला. पुन्हा टोकाला नेलं. सुरूची झाडं नाहीत, होड्या नाहीत, नुसता राखाडी रंग. या राखाडीत आईला साफ दिसलं होतं? एक तर तिचा डोळा इतका गेलाय, नाहीतर ती खोटं बोलली. दोन्हींतलं कुठलंही खरं असो, त्याला तिथे थांबवेना. पाहुण्यांचे फोटो कसेबसे काढून तो वाळूतून जवळजवळ पळतच घरी आला.

काकी खोबरं खवत बसली होती.

"आये, डावो डोळो झाक बघया."

"कित्याक?"

"झाक गो."

तिने पदर घेऊन डोळा झाकला.

"किती बोटां आसत?"

काकीने मान जरा पुढे काढली. "दोन."

सर्वेशने हात वर केलाच नव्हता. दोन्ही हातांनी मला छातीशी धरून तो उभा होता.

"दोन नाय काय?" काकी म्हणाली. "मगे तीन."

त्या दुपारी तो जेवला नाही. कापलेले तुकडे त्याने पुसून टाकले नव्हते, ते कॉम्प्युटरवर एका बाजूला पडून होते. ते त्याने एकामागून एक लावले. फळीवर चाचपडणारा हात. सांडलेलं वाटप. लवंडलेला तांब्या. विळीने कापलेलं बोट पदरात लपवणारी काकी. आणि मध्ये मध्ये तेच ते, "बंद कर रे तो दिवो." वर्षभर जे जे त्याने कापलं होतं, ते सलग लावल्यावर त्यातून एक बाई हळूहळू आंधळी होताना दिसत होती. मी ते सगळं टिपलं होतं. त्याने ते सगळं पाहिलं होतं, नीट पाहून मगच कापलं होतं.

"कोण बोलता रे?" काकीने आतून विचारलं. "मीच काय?"

"तूच," सर्वेश म्हणाला. "तू सांगीत होतंस आये, आणि मी कापीत होतंय." आणि तो हुंदके देऊन रडला.

मग एसटीने ओरोस, जिल्ह्याचा दवाखाना. मला तिथे का नेलं कोण जाणे, सवयीने पाठीला लावलं असेल. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी काकीचे दोन्ही डोळे तपासले, यंत्रावर हनुवटी ठेवायला लावून पुन्हा तपासले.

"उजव्यात काचबिंदू आहे. आतली नस गेलीय, तो डोळा आता परत येणार नाही," त्या म्हणाल्या. "डाव्यातही त्याची सुरुवात आहे, पण तो औषधाने थोपवता येईल. थेंब रोज घालायचे, एकही दिवस चुकवायचा नाही. वर मोतीबिंदू आहे, तो काढून टाकू. इतका उशीर का केलात? घरात चाचपडत असतील, वस्तू पडत असतील. कोणाच्या लक्षात कसं आलं नाही?"

सर्वेशच्या मांडीवरच्या पिशवीत मी होतो. त्याची बोटं पिशवीवरून माझ्यात रुतत होती.

"त्येची काय चूक नाय, बाय," काकीच म्हणाली. "मीच सांगूक नाय. पावण्यांचे दिवस. माका दिसणा नाय म्हटलां असतां तर ह्येनं चूल बंद केली असती. आणि ता कॅमेऱ्याचा... इतक्या हौसेन दाखवीत होतो तो. नाय कशी म्हणू?"

तिने त्याला माफ केलं, आणि ती माफीच त्याची शिक्षा ठरली. कोणी चार शब्द सुनावले असते तर बिचाऱ्याला बरं वाटलं असतं.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. सर्वेशने 'न बघता घावणे' काढून टाकला, पांढरा दिवा माळ्यावर नेऊन ठेवला आणि मला या खुंटीवर. थेंब मात्र तो स्वतः घालतो. पाहुणे जेवायचे थांबले असले तरी आधी थेंब.

दोनेक महिन्यांपूर्वी काकी दळण ठेवून इथून जात होती. थांबली, माझा पट्टा हाताने ओढला. "ह्येका कित्याक टांगून ठेवलंस रे? ह्येचो काय गुन्हो?"

सर्वेश पुढे आला. त्याने मला खाली काढलं, पुसलं, तिच्या हातात दिलं. तिने या वेळी डावा डोळा लावला. त्यामुळे नाक माझ्या पडद्यावर दाबलं गेलं, पडद्यावर पिठाचा ठसा उठला. चाकावर बोट गेलं. थोडंसं मागे, थोडंसं पुढे, आणि मग ते आपणहून थांबलं.

"दिस..." सर्वेश म्हणाला आणि मध्येच अडला. मग त्याने नीट विचारलं, "आये, काय दिसता?"

"तू दिसतंस," काकी म्हणाली. "दाढी करूक नाय. मागे शेवगो आसा, त्येच्या शेंगा जून झाल्यो, काढूक होयो होत्यो." बराच वेळ ती बघत राहिली. मग मला खाली करून तिने उलटसुलट पाहिलं आणि थट्टेने म्हणाली, "दुसऱ्या डोळ्याक लावूक चाक नाय काय रे ह्येका?"

सर्वेशने मान फिरवली.

ते चाक तिने ठेवलं तिथेच आहे अजून. आठवड्यातून कधीतरी तो मला किनाऱ्यावर नेतो. तिच्या नंबराने त्याला खिडकीतून थोडं अंधुक दिसतं. चाक फिरवणं बोटभर काम, पण तो फिरवत नाही. फोकस माझ्यावर सोपवतो आणि बटण दाबतो. फोटो चांगले येतात.

तर आता या खुंटीवरूनच तुमचा निरोप घेतो. जाता जाता एवढंच मागणं आहे. तुमच्याही घरात कोणी हौसेखातर, तुमच्या मनासाठी "दिसतं हो" म्हणत असेल. त्यांना दिसतं का, असं विचारू नका. काय दिसतं, ते विचारा. आणि उत्तर येईपर्यंत तिथेच थांबा.