उंटाच्या पोटातले प्रश्न

छापखानेवाल्या गुरूचा फोन आला तेव्हा मी चटणीसाठी शेंगदाणे भाजत होते.

"बाई, तुमचे ताव कधी उचलताय?"

ताव म्हणजे माझ्या पुस्तकाचे छापलेले, पण अजून घडी न घातलेले, न शिवलेले मोठे कागद. हजार प्रतींचे कागद एकदम छापले तर परवडतं, असं गुरूनेच सांगितलं होतं. त्यातल्या शंभर प्रती मी बांधून घेतल्या होत्या. बाकीचे गठ्ठे त्याच्या छापखान्यात भिंतीला टेकून उभे होते.

"लग्नपत्रिकांचं काम सुरू झालंय," तो म्हणाला. "पाय ठेवायला जागा न्हाय. शनिवारपर्यंत सांगा. बांधायचं तर बांधतो. न्हायतर दर शनिवारी रद्दीवाला येतोच की."

हे त्याने इतक्या हळू आवाजात सांगितलं की शेंगदाणे हलवायचं राहूनच गेलं. गुरू ओरडून बोलला असता तर मीही चार शब्द ऐकवले असते.

"जळतंय," आतून हे म्हणाले.

शेंगदाणे काळे पडले होते. आमचे हे, म्हणजे गोपाळराव, कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झाले आहेत. यंत्राचा आवाज आणि माझा चेहरा, दोन्हींवरून त्यांना बिघाड कळतो.

"गुरू होता ना? काय म्हणतो?"

"शनिवारी रद्दीत घालतो म्हणतो."

"तुझा उंट गच्चीवर चढलाय खरा," ते म्हणाले, "आता उतरवायचा कुणी?"

मला हसू आलं नाही. पुस्तकाचं नाव होतं 'गच्चीवरचा उंट'. संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेत आलेला एक उंट पोरांना पाठीवर बसवून कंटाळतो, एका तीन मजली इमारतीचा जिना चढून गच्चीवर जातो आणि खाली यायला तयार होत नाही. एवढीच गोष्ट, नऊ प्रकरणांत. शहराच्या पूर्व भागातल्या शाळेत मी तिसरी-चौथीला शिकवत असे. तिथली बरीच मुलं घरात तेलुगू बोलायची आणि मराठी वाचताना अडखळायची. त्यांच्यासाठी ही गोष्ट मी तुकड्यातुकड्याने रचली होती. निवृत्त झाल्यावर नीट लिहून काढली. पुण्यातल्या एका प्रकाशकाला पाठवली, तर त्यांनी विचारलं, "आपला वाचकवर्ग कोण आहे?" माझा वाचकवर्ग म्हणजे तिसरी ब. तो तर दरवर्षी चौथीत जातो. मग मी पुस्तक स्वतःच छापायचं ठरवलं.

प्रकाशन समारंभ थाटात झाला. शाल, श्रीफळ, हार सगळं मिळालं. प्रमुख पाहुण्यांनी प्रत्येक प्रकरणाखाली मी घातलेल्या स्वाध्यायाचं खास कौतुक केलं. लोकांनी प्रती घेतल्या, "वा बाई, वा" म्हणाले आणि घरी गेले. त्यानंतर कुणी एक शब्द बोललं नाही. एका दुकानदाराने दहा प्रती ठेवून घेतल्या होत्या, त्यातल्या नऊ परत आल्या. विकल्या गेलेल्या त्या एका प्रतीमुळे मी दोन-तीन दिवस हवेत होते. मग ती यांच्या कपाटात, स्वेटरखाली सापडली.

पुण्याहून अभिमन्यूने, माझ्या मुलाने, फोनवर समजावलं, "आई, आधी माणसं जमवायची असतात, मग पुस्तक काढायचं."

"कुठून जमवू आता?"

"व्हिडिओ टाक एखादा."

टाकला. तो आम्ही तिघांनी पाहिला.

गुरूचा फोन येईपर्यंत मी स्वतःला सांगत होते की वेळ लागतो, वेळ लागायचाच. आता मात्र शनिवारच सांगितला होता. मला रद्दीची तेवढी भीती नव्हती. मुलांना मी आजवर वाचायला शिकवलं आणि माझंच पुस्तक त्यांना वाचवत नाही, असं तर नसेल? तसं असेल तर गुरूचं बरोबरच होतं. आणि हे विचारायचं धाडस मी इतके दिवस केलंच नव्हतं.

गुरुवारी दुपारी मी अपेक्षाकडे निघाले. माझ्या शेवटच्या वर्गातली ही मुलगी, आता पाचवीत होती. समारंभाला ती आईबरोबर आली होती आणि मी तिला प्रत दिली होती. वाटेत दोनदा परत फिरावंसं वाटलं. वाचलंय म्हणाली तर खरं की खोटं, हे मला तिच्या तोंडावरून कळणार होतं. तेच नको होतं.

बोळात सावली बघून चार-पाच बाया विड्या वळत बसल्या होत्या. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू. अपेक्षाची आई गौरम्मा मला बघून उठायला लागली.

"बसा हो, उठू नका," मी म्हटलं.

"पोरगी काय केली का बाई?"

"काही नाही केलं. सहज आले. अपेक्षा, माझं पुस्तक वाचलंस?"

"व्हय बाई," ती लगेच म्हणाली. खोटं बोलताना ती पूर्वीसारखीच ओढणीचं टोक चावत होती.

"आण बघू."

तिने पुस्तक आणलं. त्याला खाकी कव्हर घातलं होतं. वर लेबल, लेबलवर सुंदर अक्षरात नाव, इयत्ता, तुकडी. कव्हर इतकं कोरं होतं की बोटाचा एक डाग नाही. आतली दोन पानं एकमेकांना चिकटलेली, ती अजून सुटलेलीही नव्हती.

"देवाजवळ ठिवलीया," गौरम्मा अभिमानाने म्हणाली. "बाईंचं पुस्तक, खराब झालं तर?"

अपेक्षा माझ्याजवळ सरकली आणि तिने हळूच विचारलं, "बाई, हे परीक्षेला हाय का?"

"नाही गं."

"मग शेवटी प्रश्न का हायत?"

पुस्तकाला मीच पाठ्यपुस्तकाचा वेश घातला होता. प्रकरण संपलं की 'एका वाक्यात उत्तरे लिहा', 'रिकाम्या जागा भरा', 'कोण कोणास म्हणाले'. मी ते विचार करून घातलंच नव्हतं. धडा संपला की स्वाध्याय असतो, म्हणून हातातून आपोआप उतरलं होतं.

"वाच की जरा," पलीकडून एक म्हातारी म्हणाली. तिला सगळे गोजाबाई म्हणत होते. "आमचं हात कामात हाय, कान तर रिकामेच हाय."

अपेक्षा वाचायला लागली. सुरुवातीला शाळेच्या आवाजात, एकेका शब्दावर बोट ठेवून. उंट जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवतो तिथे एक बाई हसली. दुसऱ्या मजल्यावरची काकू दार उघडते आणि समोर उंटाचं तोंड दिसतं, तिथे दोघीतिघी हसल्या. मी विड्यांकडे बघत होते. त्या बायांचे हात एकदाही थांबले नव्हते. हे चांगलं की वाईट, ते मला समजेना.

"उंट वर जाऊन बसला," अपेक्षाने प्रकरण संपवलं आणि न थांबता पुढे वाचलं, "स्वाध्याय. प्रश्न पहिला. एका वाक्यात उत्तरे लिहा. उंट जिना का चढला?"

वर्गात साहेब तपासणीला यावेत तसं झालं. हसणाऱ्या बायांनी माना खाली घातल्या. गोजाबाईने सूप बाजूला ठेवलं, पदर सावरला आणि भिंतीला धरून ती उठायला लागली.

"मी न्हाय बाई शाळेत गेलेली," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "मला नगा इचारू."

"आजी, तुम्हाला नाही विचारलं," मी म्हटलं. "कुणालाच नाही विचारलं. बसा ना."

ती उभीच राहिली. गौरम्मा तिला तेलुगूत काहीतरी म्हणाली. तरी ती बसेना. त्या म्हातारीच्या उभं राहण्याकडे बघून मला कळलं की हे पुस्तक गेले कित्येक महिने घराघरांत नेमकं हेच करत असणार.

"अपेक्षा, प्रश्न सोडून दे," मी म्हटलं. "पान उलट. पुढचं वाच."

"सोडू?" तिचा विश्वास बसला नाही. "बाई, तुमीच म्हन्ताय?"

"मीच म्हणते. सोड."

तिने पान उलटलं. दुसरं प्रकरण अर्ध्यावर आलं तेव्हा गोजाबाई भिंतीला टेकून खाली बसली. चौथ्यात गच्चीवरच्या उंटाला चारा कसा पोचवायचा यावर बायांचंच भांडण लागलं. एक म्हणाली दोरीने चढवा, दुसरी म्हणाली, "दोरी तुझ्या नवऱ्याला बांध आधी." विड्या कारखान्यात नेऊन द्यायची वेळ झाली, तरी कुणी उठेना. शेवटी गौरम्माच ओरडली, "उठा गं, उंट उद्या बी तितंच बसलेला ऱ्हाईल!"

"खाली येतंय का न्हाय ते तरी सांगून जावा बाई," गोजाबाई म्हणाली.

मी सांगितलं नाही. घरी येताना मात्र माझी काळजी वाढली होती. आधी वाटत होतं पुस्तकच वाईट असेल, मग रद्दीत गेलं तरी चालेल. आता तसं म्हणता येत नव्हतं. पुस्तक जिवंत होतं आणि नऊशे प्रतींच्या कागदांवर प्रत्येक प्रकरणाखाली ते प्रश्न छापून बसले होते.

शुक्रवारी सकाळी छापखाना उघडायच्या आधीच मी पायरीवर जाऊन बसले.

"छापलेलं पुसता येत न्हाय बाई," गुरूने सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं. "आणि पान फाडलं तर जोडीचं पानबी जातंय. ते गोष्टीचं पान हाय."

"झाकता येतं का?"

तो गठ्ठ्यांकडे बघत राहिला. "बांधलेलं असतं तर न्हाय. ताव सुटे हायत. पुन्हा मशीनवर घालून वरून छापता येतंय. पण काय छापणार?"

"उंट," मी म्हटलं. "काळाकुट्ट उंट."

"आणि कागद हलला, उंट गोष्टीवर बसला तर? मग सगळंच गेलं. मी भरून देणार न्हाय, आत्ताच सांगतो."

मी यांना फोन केला. हे म्हणाले, "रद्दीत तसंही जातंयच. मी येतो, मशीन मला बघू दे."

मी पांढऱ्या कागदावर बसलेला उंट काढला. फळ्यावर इतके उंट काढले होते, पण त्या दिवशी मानेची रेष तीनदा चुकली. पहिला ताव निघाला तेव्हा उंट राखाडी होता आणि त्याच्या पोटातून 'रिकाम्या जागा भरा' लख्ख दिसत होतं. गुरूने शाई वाढवली. दुसऱ्या तावावर उंट बोटभर खाली सरकला आणि पुढच्या प्रकरणाचं नाव त्याने गिळलं. मी डोळे मिटून घेतले. हे आणि गुरू मशीनला वाकून एकमेकांवर खेकसत होते. "तुमचं रेल्वेचं डोकं हितं चालवू नका," गुरू म्हणाला. "चालवलं असतं तर गाडी केव्हाच सुटली असती," हे म्हणाले.

पुढच्या तावावर उंट बरोबर प्रश्नांवर बसला. काळा, गुबगुबीत, आडवा. गुरूने कागद उलटून मागची बाजू पाहिली, शाई उमटली नव्हती. मग त्याने मशीन सुरू केलं आणि संध्याकाळपर्यंत मी त्या आवाजासमोरून हलले नाही.

पहिली दोनशे पुस्तकं बांधून झाली, त्यांतली काही मी गौरम्माकडे ठेवली. मला वाटलं पाच-सहा घरं घेतील. पण विड्या जमा करायला बाया कारखान्यात रांगेत उभ्या राहतात आणि रांगेत बोलायला दुसरं काय असतं? पलीकडच्या बोळातून निरोप आला, मग नीलमनगरातून, मग अक्कलकोट रस्त्याकडून. अनोळखी पोरं दारात उभी राहायची, "उंटाचं पुस्तक हितं मिळतंय का?" मीच ते लिहिलंय, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि पर्वाही नव्हती. वैरागच्या एका शाळेने पुस्तकं मागवली. त्या नऊ प्रती परत करणाऱ्या दुकानदाराने पंचवीस मागितल्या. मी रोज सकाळी उठून आज कुणीच येणार नाही, असं स्वतःला सांगायचे. तयारी असलेली बरी.

मुलांनी एक उद्योग शोधून काढला. पान उन्हात धरलं की उंटाच्या पोटातले प्रश्न अंधूक दिसतात. शाळेत जे प्रश्न बघून ती पळायची, तेच आता गच्चीवर उभं राहून डोळे बारीक करून वाचायची.

गठ्ठे संपले तेव्हा गुरूचाच फोन आला. "बाई, दुसरी आवृत्ती काढू या. काही बदल हाय का?"

"नाही, तशीच छाप," मी म्हणणार होते. पण त्याच दुपारी, फोन यायच्या आधी, मी गौरम्माकडे गेले होते. पुस्तक केव्हाच वाचून झालं होतं, आता दुसऱ्यांदा चाललं होतं. मी निघाले तेव्हा गोजाबाईने मला हाताने थांबवलं.

"एक इचारू का बाई?"

"विचारा ना."

"ते उंट वर बसलं, लई चांगलं झालं. पोरं हसली. पण ज्याचं उंटावरच पोट हाय तो मानूस, त्याचा मालक, तो खाली उभा होता न्हवं? तेवढं दिवस तो काय खाल्ला?"

बोळातल्या सगळ्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या. मालक माझ्या पुस्तकात फक्त एका वाक्यात होता. तो ओरडतो आणि निघून जातो.

"बघते," मी म्हटलं.

"बघा," ती म्हणाली आणि तिने पुढची विडी वळायला घेतली.

आता गुरू रोज फोन करतो. मशीन रिकामं आहे, कागद येऊन पडलाय. मी रोज उद्या म्हणते. सकाळपासून एक पान तीनदा लिहून फाडलं. मालक गड्ड्याच्या मैदानावर एकटा उभा आहे, संध्याकाळ झाली आहे, आणि त्याच्या हातात काय द्यावं, ते मला अजून सुचत नाही.